दुबईचे बल्ब, फोंड्याचे होल्डर

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, कुळागराला (माड-पोफळीच्या बागेला) लागून आहे. भिंती चिऱ्याच्या, छपराला मंगलोरी कौले आणि मधोमध राजांगण. घरात यजमान, मी आणि ८४ वर्षांच्या सासूबाई अशी तीनच माणसे. मुलगा नोकरीनिमित्त दुबईत असतो. गेल्या सुट्टीत त्याने तिकडून चार स्मार्ट बल्ब आणि दोन वाय-फाय प्लग आणले आणि इथे एक इको डॉट (अलेक्साचा लहान स्पीकर) घेऊन दिला. बल्ब आमच्या होल्डरमध्ये बसत नाहीत. एक कसाबसा बसवला, तर तो अ‍ॅपला सापडत नाही. खोक्यावर ‘झिगबी’ असे छापले आहे. प्लगांचे अ‍ॅप वेगळे, आणि यजमानांनी बाजारातून आणलेल्या स्मार्ट स्विचचे तिसरेच. आता एका कंत्राटदाराने घरातले सगळे बोर्ड काढून काचेचे टच पॅनेल बसवण्याचे अंदाजपत्रक दिले आहे. आमच्या अपेक्षा मोजक्याच आहेत. टाकी भरली की विहिरीवरचा पंप बंद व्हावा, गीझर विसरला तर आपोआप थांबावा, रात्री सासूबाई न्हाणीकडे जाताना उजेड असावा आणि आम्ही परगावी असलो तरी संध्याकाळी सोप्यावरचा दिवा लागावा. कोणत्या एका कंपनीचे सगळे घ्यावे? आणि चवथीपूर्वी (गणेशचतुर्थीपूर्वी) हे होईल का?

– एक निवृत्त शिक्षिका


बाई, सप्रेम नमस्कार.

कंपनीचा प्रश्न आधी घेतो, कारण पैशांचा निर्णय त्याच्यापाशी अडला आहे. कोणत्याही एका कंपनीचे सगळे घेऊ नका, आणि कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकावर तूर्त सही करू नका. तुमच्या चार अपेक्षांपैकी एकीला स्मार्ट उपकरणाची गरजच नाही, दुसरीत स्मार्ट भाग हा साखळीतला सर्वांत लहान दुवा आहे, आणि उरलेल्या दोन अपेक्षा दोन उपकरणांत भागतात. एवढ्यासाठी चांगल्या चालत्या घराचे सगळे बोर्ड उखडण्याचे कारण मला दिसत नाही.

सुरुवात बल्बांपासून करू, कारण उपकरणे एकमेकांशी न जुळण्याचे तीन प्रकार त्या एकाच खोक्यात आले आहेत. पहिला प्रकार डोळ्यांना दिसणारा आहे. आपल्याकडचे बहुतेक होल्डर दोन पिनांचे, बल्ब दाबून फिरवण्याचे असतात. दुकानदार त्यांना बी-२२ म्हणतात. मुलाने आणलेले बल्ब आट्यांचे, म्हणजे ई-२७ असावेत. त्यासाठी जोड-होल्डर विजेच्या कोणत्याही दुकानात मिळतो. तुम्ही एक बल्ब बसवला, तो बहुधा असाच. दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. झिगबी ही वाय-फायहून वेगळी रेडिओपद्धत आहे; तिला झिगबी समजणारे एक केंद्र, म्हणजे हब लागतो. इको मालिकेतल्या चौथ्या पिढीच्या मोठ्या गोल स्पीकरमध्ये असा हब आहे, पण साध्या डॉटमध्ये नाही. त्यामुळे तुमचा बल्ब अ‍ॅपला सापडला नाही यात बल्बचा दोष नाही आणि तुमचाही नाही. तो जी भाषा बोलतो ती ऐकणारे घरात कोणी नव्हते.

तिसरा प्रकार माणसांच्या सवयीचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. भिंतीवरचे बटण कोणी बंद केले की त्याचा रेडिओही बंद पडतो आणि मग दुबईहून मुलगा काय किंवा घरातली अलेक्सा काय, त्याला कोणीच जागे करू शकत नाही. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करण्याची सवय सासूबाईंना गेली साठ वर्षे आहे, आणि ती चांगली सवय आहे. ती मोडायला सांगणारे उपकरण घरात आणण्यापेक्षा बटणामागची जोडणी बदलावी हे बरे. भिंतीच्या बोर्डात नेहमीच्या बटणामागे काड्यापेटीएवढे एक मॉड्यूल बसते. बटण दाबले तरी दिवा लागतो, फोनवरून सांगितले तरी लागतो, आणि आत बल्ब कोणताही साधा चालतो. सोप्यावरच्या दिव्यासाठी मी हेच सुचवेन.

मात्र मॉड्यूल घेण्याआधी बोर्ड उघडून पाहिला पाहिजे, आणि तो परवानाधारक वायरमनने उघडावा. बहुतेक मॉड्यूलांना स्वतः जागे राहण्यासाठी बोर्डात फेजबरोबर न्यूट्रलची तारही लागते. आपल्याकडच्या बोर्डांत बटणांशेजारी प्लगसाठी सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथे आलेली असतेच. जिन्याखाली किंवा सोप्यावर एकटेच बटण असते, तिथे मात्र नुसती फेज वर जाऊन परत येते, न्यूट्रल नसते. जुन्या घरात लाकडी पट्टीवरून गेलेले वायरिंग असेल, तारांचे रबर बोटांत चुरा होत असेल, तर स्मार्ट हा शब्दच काही काळ विसरा आणि आधी तारा बदलून घ्या. अर्थिंगही तपासून घ्या, आणि ते पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातच. जमीन कोरडी असताना अर्थिंगचा रोध सर्वांत जास्त असतो. मे महिन्यात आपला जांभा ठणठणीत वाळलेला असतो, त्या वेळी जे अर्थिंग परीक्षेत उतरते ते वर्षभर उतरते. ऑगस्टमध्ये चिखलात मोजलेला आकडा सगळ्यांनाच सुखावतो. न्हाणी आणि पंपाच्या वाटेवर आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) नसेल तर तीही याच फेरीत बसवून घ्या.

आता पंपाकडे येतो. येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याच ठिकाणी माझे स्वतःचे हात पोळले आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या गावच्या घरी मी एक अश्वशक्तीचा पंप थेट १६ अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर लावला. हिशेब सरळ वाटत होता : एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, आणि १६ अँपिअरला २३० व्होल्टने गुणले की ३,६८० वॅट. भरपूर जागा आहे, असे मी मनाशी म्हटले. पण मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते, आणि बंद होताना संपर्काच्या टोकांवर ठिणगी पडते. दोन महिने सगळे छान चालले. मग एका सकाळी अ‍ॅपमध्ये ‘बंद’ असे दिसत असताना पंप चालूच होता, टाकी भरून कौलांवरून पाणी अंगणात पडत होते आणि तुळशीची माती वाहून चालली होती. प्लगच्या आतले दोन संपर्क वितळून एकमेकांना चिकटले होते. बिचाऱ्या अ‍ॅपला त्याची वार्ताही नव्हती. त्याने ‘बंद हो’ असा हुकूम दिला होता, तो पोहोचल्याची पोचही आली होती.

यातून मी जे शिकलो ते तुमच्या वायरमनला असे सांगा. पंपाचा प्रवाह कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने चालणारा दणकट स्विच) असलेल्या स्टार्टरमधूनच जाऊ द्यावा, सोबत प्रवाह फार वाढला की मोटर थांबवणारा ओव्हरलोड रिले असावा. स्मार्ट मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज द्यावी किंवा तोडावी. कॉइलला लागणारा प्रवाह अगदी थोडा असतो. टाकीत पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच सोडावा आणि तो त्याच कॉइलच्या वाटेत मॉड्यूलच्या पुढे, साध्या तारेने जोडावा. म्हणजे टाकी भरली की फ्लोट वर येऊन कॉइलची वीज तुटते, मग इंटरनेट असो वा नसो, अ‍ॅप काहीही म्हणो. विहीर मे महिन्यात खाली जात असेल तर पाणी नसताना पंप थांबवणारे ड्राय-रन संरक्षणही घ्या. कोरडा फिरलेला पंप आधी सील गमावतो आणि नंतर तुमचे पैसे. इतके झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की टाकी भरल्यावर पंप बंद होणे ही तुमची मूळ मागणी स्मार्ट मॉड्यूलशिवायच पुरी झाली आहे. मॉड्यूलचा उपयोग एवढाच, की कुळागरात फिरताना फोनवरून पंप सुरू करता येईल. तेवढ्यासाठी हवे तर घ्या. मी आमच्याकडे ठेवले आहे, पण ते नसते तरी काही अडले नसते.

वीज जाऊन परत येते तेव्हा उपकरणाने काय करावे, ही सेटिंग फार थोडे लोक उघडून पाहतात. बहुतेक अ‍ॅपांत तीन पर्याय असतात : पूर्वी जसे होते तसे, नेहमी चालू, किंवा नेहमी बंद. पंप आणि गीझर यांना ‘नेहमी बंद’ हाच पर्याय द्या. जूनच्या पहिल्या वादळात वीज दिवसातून किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. ‘पूर्वी जसे होते तसे’ असे ठेवले, तर तुम्ही माशेलला लग्नाला गेलेले असताना दुपारी गेलेली वीज रात्री येईल आणि मोकळ्या घरात गीझर तापू लागेल.

गीझरचे गणित पंपापेक्षा सोपे आहे, कारण त्यात मोटर नाही. दोन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा तेरा. सहा अँपिअरचा प्लग १,३८० वॅटच्या पुढे जात नाही, म्हणजे तो बाद. दहा अँपिअरवाला दोन किलोवॅटला कागदावर पुरतो, पण अर्धा-पाऊण तास सलग तापणाऱ्या वस्तूला काठावरचा प्लग देऊ नये. भारतीय बनावटीचा, आयएसआय खूण असलेला १६ अँपिअरचाच घ्या. दुबईहून आलेले प्लग गीझरला मुळीच लावू नका. त्यांच्या पिना चौकोनी असतात. आपल्या सॉकेटमध्ये ते जोडपिनेच्या मध्यस्थीने बसतात आणि ती जोडपिन सैल असली की तिथे उष्णता साठते. व्होल्टेजची अडचण नाही, आखातात आणि आपल्याकडे ते सारखेच आहे. अडचण पिनेची आहे. ते दोन प्लग टेबललॅम्पला, फोनच्या चार्जरला किंवा चवथीच्या मखराच्या दिव्यांना वापरा. गीझरच्या प्लगमध्ये ‘सुरू झाल्यावर तीस मिनिटांनी बंद’ अशी उलटी मोजणी लावली की विसरण्याचा प्रश्न मिटतो. ही मोजणी प्लगच्या आत चालते की कंपनीच्या सर्व्हरवर, ते मात्र तपासायचे. गीझर सुरू करा, लगेच राउटर बंद करा आणि अर्ध्या तासाने पाहा. बंद झाला तर प्लग ठेवा. नाही झाला तर दुकानात परत द्या.

ही राउटर बंद करून पाहण्याची परीक्षा तुम्ही घेणार असलेल्या प्रत्येक वस्तूला लावा. परदेशात घडलेली दोन उदाहरणे यासाठी सांगण्यासारखी आहेत. रिव्हॉल्व नावाचा एक हब २०१६ च्या मे महिन्यात त्याच्या मालक कंपनीनेच कायमचा बंद केला आणि लोकांच्या घरातली चालती वस्तू एका दिवसात निरुपयोगी झाली. इन्स्टिऑन या जुन्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना न कळवता बंद पडले. पण तिथे एक गोष्ट पाहण्यासारखी होती : भिंतीवरची बटणे चालू राहिली, फक्त अ‍ॅप मेले. कंपनी बुडाली तर तुमच्या घरातही एवढेच व्हावे, यापेक्षा जास्त काही होऊ नये.

आता तीन अ‍ॅपांचे काय करायचे? येथे मॅटर हा शब्द तुमच्या कामाचा आहे. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिगबीची संघटना यांनी डिसेंबर २०१९ मध्ये एका सामाईक बोलीचे काम जाहीर केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटरची पहिली आवृत्ती आली. मॅटरचे उपकरण घरातल्या घरात, तुमच्याच राउटरवरून बोलते. त्यासाठी कंपनीच्या सर्व्हरपर्यंत हेलपाटा लागत नाही. तेच उपकरण एकाच वेळी अलेक्सातही जोडता येते आणि मुलाच्या आयफोनमधल्या होम अ‍ॅपमध्येही. तुमचा इको डॉट वाय-फायवरची मॅटर उपकरणे सांभाळू शकतो. म्हणून सोप्याचे मॉड्यूल आणि गीझरचा प्लग, शिवाय पंपाचे घेतलेच तर तेही, मॅटरची खूण असलेले घ्या. ती खूण म्हणजे मध्याकडे येणारे तीन बाण. ‘अलेक्साबरोबर चालते’ असे छापलेले असणे आणि मॅटरची खूण असणे यांत फरक आहे. पहिल्यात बहुतेक वेळा निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतो.

मॅटरचेही कौतुक बेताने करावे. पहिल्या आवृत्तीत दिवे, प्लग, कुलुपे अशा मोजक्या वस्तू होत्या. पंखे, एसी, फ्रिज ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीत आले. एखाद्या प्लगला वीज किती लागली ते मोजता येत असले, तरी तो आकडा कधी कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येच दिसतो आणि अलेक्सात दिसत नाही. त्यामुळे कंपनीचे अ‍ॅप सुरुवातीला एकदा तरी उघडावे लागेलच. थ्रेड (ही आणखी एक रेडिओपद्धत) हा शब्द खोक्यावर दिसला तर सध्या ते उपकरण बाजूला ठेवा. थ्रेडला वेगळा बॉर्डर राउटर लागतो आणि तुमचा डॉट ते काम करत नाही.

झिगबी हब घ्यावा का, असे मुलगा विचारील. चार बल्बांसाठी घेऊ नये, असे माझे मत आहे. पुढे दारा-खिडक्यांचे सेन्सर बसवायचे ठरले तर झिगबीसारखी उत्तम पद्धत नाही : नाण्याएवढ्या सेलवर सेन्सर महिनोन्महिने चालतो आणि सॉकेटमध्ये लावलेला प्रत्येक झिगबी प्लग पुढच्या खोलीकडे निरोप पोहोचवतो. पण त्या वेळी हब घेताना त्याच्या यादीत तुमच्या बल्बचे नाव आहे की नाही ते पाहून घ्या. खोक्यावर झिगबी ३.० असे छापलेले असूनही काही हब आपल्याच कंपनीच्या वस्तूंना दारात घेतात. तोवर ते चार बल्ब जोड-होल्डर लावून साध्या बल्बांसारखे वापरा. बटण दाबले की ते उजेड देतात, आणि शेवटी बल्ब त्यासाठीच असतो. झी-वेव्ह नावाची आणखी एक पद्धत आहे. तिची कोणतीही वस्तू दुबईहून किंवा युरोपातून आणू नका, कारण तिची वारंवारता देशागणिक बदलते आणि भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलीच उपकरणे चालतात.

सासूबाईंच्या रात्रीच्या उजेडाला मी काहीही जोडणार नाही. पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, माणसाची हालचाल ओळखून लागणारे दोन-तीन साधे एलईडी दिवे सॉकेटमध्ये लावा. त्यांना वाय-फाय नको, अ‍ॅप नको, पासवर्ड नको. वीज गेली तरी चालणारा, आत बॅटरी असलेला प्रकार घ्या, कारण अंधारात पडण्याचा धोका वीज नसतानाच सर्वाधिक असतो. दिव्याच्या काचेवर पाल बसली तर तो अधूनमधून उगीच लागेल, आमच्याकडे लागतो. अलेक्साला सांगून दिवा लावण्याची कल्पना मुलाची असेल. तिला २०१९ पासून हिंदी समजते हे खरे, पण वयाच्या ८४ व्या वर्षी रात्री दोन वाजता सासूबाईंनी हिंदीत हुकूम द्यावा, ही अपेक्षा काही योग्य नाही.

सोप्यावरच्या दिव्याला ठरावीक वेळ न देता ‘सूर्यास्त’ हा पर्याय द्या. गोव्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सातच्या पुढे, त्यामुळे घड्याळाची वेळ वर्षातून चारदा बदलत बसावी लागते. येथे एक बारीक खोच आहे. अ‍ॅपमधले खाते मुलाने दुबईत उघडले असेल आणि घराचे ठिकाण तिथलेच राहिले असेल, तर तुमचा दिवा दुबईच्या सूर्यास्ताला लागेल, म्हणजे आपल्या संध्याकाळनंतर तास-दीड तासाने. म्हणून खाते तुमच्या किंवा यजमानांच्या नावाने, भारत हा देश निवडून उघडा, ठिकाण नकाशावर आपल्या घरावर ठेवा आणि मुलाला सदस्य म्हणून आत घ्या. मुलाच्या फोनवर अवलंबून असलेले घर त्याचा फोन हरवला की अडते.

वाय-फायचे बोलायला हवे, कारण चिऱ्याची दीड-दोन हात जाडीची भिंत हा त्याचा मोठा वैरी आहे. पावसाळ्यात ओल धरली की आणखीच. ही उपकरणे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात आणि ५ गिगाहर्ट्झचे जाळे त्यांना दिसत नाही. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर जोडणी करताना फोन एकीकडे आणि प्लग दुसरीकडे असा गोंधळ होतो. काही वेळापुरता ५ चा पट्टा बंद करा, जोडणी करा आणि मग पुन्हा सुरू करा. मागच्या पडवीत, पंपाच्या स्टार्टरपाशी उभे राहून फोनवर एखादा व्हिडिओ चालवून पाहा. तो अडखळला तर तिथे मॉड्यूलही अडखळेल. यावर भिंतीवर चिकटवायचे स्वस्त एक्स्टेंडर घेण्यापेक्षा राजांगणाच्या कडेने, वाशांच्या आधाराने एक लॅन केबल मागे नेऊन तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा आणखी एक डबा) लावणे टिकाऊ ठरते. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या बारा व्होल्टच्या यूपीएसवर घ्या. कारण असे, की वीज परत आल्यावर पुष्कळसे प्लग इंटरनेटवरून वेळ विचारून घेतात, आणि ती मिळेपर्यंत त्यांचे वेळापत्रक सुरू होत नाही.

कंत्राटदाराचा राग धरू नका, त्याचा तो धंदा आहे. नवे घर बांधत असता तर केएनएक्ससारखी तारेवर चालणारी पद्धत मीही सुचवली असती. तिची उपकरणे शेकडो कंपन्या बनवतात आणि एकीचे बटण दुसरीच्या दिव्याला चालते. पण तिला भिंतीतून वेगळी केबल लागते, आणि चिरा फोडून केबल नेणे हे काम कोणत्याही अंदाजपत्रकात दिसते त्यापेक्षा मोठे असते. त्याचे टच पॅनेल बिनतारी असतील तर त्याला एवढे विचारा : हब बंद असताना बटण चालते का, उद्या पॅनेल बिघडले तर त्याच खोक्यात साधी मॉड्युलर बटणे बसतील का, मॅटरचे प्रमाणपत्र आहे का, आणि काम झाल्यावर सर्व पासवर्ड व रचनेची फाइल लेखी आमच्या हातात देणार का. शेवटच्या प्रश्नाला जो ‘फोन करा, मी येतो’ असे उत्तर देतो, त्याच्याशी व्यवहार करू नये. मुख्य दाराच्या कुलपाचा उल्लेख तुम्ही केला नाही ते बरे केले. दोन फळ्यांच्या जुन्या दाराला आतला अडसर आहे तोवर दुसरे काही नको.

प्रत्येक मॅटर उपकरणाबरोबर एक क्यूआर कोड आणि त्याच्याखाली अकरा आकडी संख्या येते. उपकरण पुन्हा जोडण्याची वेळ आली की ती लागते, आणि तोवर खोका रद्दीत गेलेला असतो. बोर्डात मॉड्यूल बसवले की तो कोड भिंतीच्या आत जातो. वायरमनने स्क्रू आवळण्यापूर्वी त्याचा फोटो काढा आणि संख्या वहीत, कोणत्या खोलीचे कोणते उपकरण त्यासह, लिहून ठेवा. तुम्ही शिक्षिका होता, तेव्हा वही कशी आखावी ते मी सांगायला नको.

राहिला चवथीचा प्रश्न. अर्थिंग आणि वायरिंग मे महिन्यात उरकून घ्या. पंपाचा कॉन्टॅक्टर आणि फ्लोट पहिल्या पावसाआधी झाले तर उत्तम. एरवी जुलैतली एखादी उघडीप बघून करा. सासूबाईंचे दिवे तर उद्याच आणा. सोप्याचे मॉड्यूल चवथीच्या निदान पंधरा दिवस आधी बसवा, म्हणजे माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधायला माणसे येतील तोवर त्याच्या खोड्या कळलेल्या असतील. पाहुण्यांना वाय-फायचा पासवर्ड देताना राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडून तोच द्या. गीझरचा प्लग मात्र विसर्जन झाल्यावर लावा. चवथीच्या पहाटे घरची पंधरा-वीस माणसे टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीच्या दारात उभी असताना तो तीस मिनिटांनी शिस्तीत बंद पडेल, आणि त्याचा दोष सगळे तुमच्या मुलाला देतील.